ओट्याचा दगड विकणारा, कापणारा आणि बसवणारा वेगवेगळे असतील तर जबाबदारी कोणाची?

मृद्गंध (प्रश्न)

नमस्कार. कोथरूडमध्ये १९९१ साली बांधलेल्या इमारतीत आमची सदनिका आहे. तिच्या स्वयंपाकघरात मूळचाच, काटकोनात वळलेला कडप्प्याचा ओटा आहे. भिंतीलगत मोजल्यास त्याची एक बाजू ११ फूट, दुसरी ६ फूट आणि रुंदी २ फूट भरते. सिंकभोवती कडप्पा पांढुरका पडला असून शेगडीपाशी त्याचे पापुद्रे सुटू लागले आहेत. देवघरात पांढऱ्या संगमरवराची लादी आहे. तिच्यावर हळदीचे पिवळे डाग, समईखाली तेलाचा काळपट डाग आणि पंचामृत सांडलेल्या जागी निस्तेज वर्तुळे आहेत.

ओट्यासाठी आतापर्यंत तिघांशी बोलणे झाले. पहिला ठेकेदार मालासकट रनिंग फुटाचा, म्हणजे लांबीच्या फुटाचा, एकच दर सांगतो आणि 'सगळे माझ्यावर सोडा' म्हणतो. दुसरा दगडाचा व्यापारी आहे. तो चौरस फुटाचा दर देतो, बसवणारा माणूस पाठवू म्हणतो, पण त्या माणसाची मजुरी त्यालाच परस्पर द्यायची आहे. तिसरी मॉड्युलर किचनवाली मंडळी कृत्रिम क्वार्ट्झच्या लादीशिवाय दुसरे काही बसवायला तयार नाहीत.

माझ्या मनात धास्ती आहे ती गेल्या वर्षी भावाच्या घरी घडलेल्या प्रकारामुळे. त्याच्याकडे नव्या ग्रॅनाइटला चौथ्याच महिन्यात सिंकच्या कोपऱ्यापासून पुढच्या कडेपर्यंत चीर गेली. दुकानदार म्हणाला की बसवणाऱ्याने दगड नीट हाताळला नाही, बसवणारा म्हणाला की मालच सदोष होता, आणि या दोघांना घेऊन आलेल्या ठेकेदाराने पुढे फोन उचलणेच बंद केले. हे आमच्याकडे होऊ नये यासाठी माणूस कसा निवडावा, त्याच्याकडून काय लिहून घ्यावे, आणि मुळात कडप्पा व संगमरवर घासून पूर्ववत होतील का, याविषयी जाणकारांनी सांगावे.

ओळंबा

बांधकामावर देखरेख करण्यात माझी उमेदीची सगळी वर्षे गेली. त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

आधी दरांची तुलना करू, कारण तुमच्या पहिल्या दोन माणसांचे दर वेगवेगळ्या मापांत आहेत. तुमचा ओटा भिंतीच्या बाजूने मोजला तर ११ आणि ६ मिळून १७ रनिंग फूट होतो. पण कोपऱ्यातला २ फुटांचा चौकोन त्यात दोनदा मोजला जातो. प्रत्यक्ष क्षेत्रफळ ११ गुणिले २ म्हणजे २२, आणि उरलेल्या ४ फुटांचे ८, असे एकूण ३० चौरस फूट आहे. पुढची कड, म्हणजे जिला मोल्डिंग करायचे (घासून आकार द्यायचा) ती, ९ आणि ४ मिळून १३ फूटच भरते. तरीही मोल्डिंगचे पैसे १७ फुटांचे लावलेले मी अनेक बिलांत पाहिले आहेत. यात दर वेळी लबाडीच असते असे नाही, पण कोणीतरी टेप धरून विचारल्याशिवाय आकडा खाली येत नाही. उघड्या राहणाऱ्या टोकांची कड मात्र प्रामाणिकपणे वेगळी धरावी. शिवाय व्यापारी लादी पूर्ण मापाने विकतो, कापून उरलेल्या तुकड्यांसकट. तेव्हा ३० चौरस फुटांच्या ओट्याला बिल त्याहून जास्त फुटांचे येणारच. ते उरलेले तुकडे तुमचे आहेत हे आधीच सांगून ठेवा. खिडकीच्या पट्टीला किंवा देवघराच्या पायरीला ते उपयोगी पडतात.

आता भावाकडच्या चिरेविषयी. प्रत्यक्ष न पाहता निकाल देणे बरोबर नाही, पण सिंकच्या कोपऱ्यातून निघालेली चीर पाहिली की माझा पहिला संशय कापणाऱ्यावर जातो. हातातल्या कटरची चकती गोल असल्यामुळे वरून रेघ कोपऱ्यापर्यंत आली तरी दगडाच्या तळापर्यंत काप पोचत नाही. मग घाईतला कारागीर चकती रेघेच्या पुढे इंचभर नेतो. तो पुढे गेलेला बारीक काप म्हणजे चिरेची सुरुवातच होय. नीट काम करणारा माणूस आधी चारही कोपऱ्यांत गोल छिद्रे पाडतो आणि सरळ काप त्या छिद्रांत आणून संपवतो, म्हणजे कोपरा गोलसर राहतो आणि ताण एका टोकावर साचत नाही. कोणत्याही कारागिराला 'सिंकचा कोपरा तुम्ही कसा कापता?' एवढा एकच प्रश्न विचारावा. ज्याला त्याचे उत्तर हातवारे करून देता येते, त्याच्याशी पुढे बोलावे.

दुसरे कारण आधाराचे असते. सिंकच्या पुढे तीन-चार इंचांचीच पट्टी उरते आणि भांडी घासताना माणूस नेमका तिच्यावरच रेलतो. सिंकच्या दोन्ही अंगांना उभे कडप्पे (आधाराला उभ्या लावलेल्या लाद्या) हवेत, आणि लादी त्यांच्यावर सगळीकडे सारखी टेकलेली हवी. एका जागी सिमेंटचा गोळा आणि दुसऱ्या जागी पोकळी, असे चालत नाही. शेगडीऐवजी हॉब (ओट्यात खाच कापून बसवायची शेगडी) बसवणार असाल तर तोच नियम तिथेही लागू होतो. सिंक आणि हॉब आधी विकत आणून ठेवा, कारण माहितीपत्रकातल्या मापावरून कापलेली खाच आणि खोक्यातून निघालेली वस्तू यांचे पटेलच असे नसते.

११ फुटांच्या बाजूला एक सांधा बहुधा येईल. तो कुठे येणार हे लादी कापण्याआधी खडूने दाखवून घ्या. काही जण दगड वाचवण्यासाठी सांधा सिंकच्या मधोमध आणतात, कारण तिथे तो छोटा दिसतो. मला ते पसंत नाही, कारण तिथे पाणी कायम असते. सांधा उभ्या कडप्प्यावर यावा आणि रंग मिळवलेल्या इपॉक्सीने (वाळून कडक होणाऱ्या चिकट पदार्थाने) भरलेला असावा. जुन्या इमारतींच्या भिंती गुण्यात (काटकोनात) नसतात, हेही ध्यानात असू द्या. कोपऱ्यातून एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजून खूण करा. दोन खुणांमधले तिरपे अंतर ५ फूट नसेल तर भिंत काटकोनात नाही, आणि मग केवळ लांबी-रुंदी लिहून नेणाऱ्या माणसाऐवजी पुठ्ठ्याचा किंवा प्लायचा साचा बनवणारा माणूस तुम्हाला हवा.

लादी निवडायला स्वतः जा. ती उभी असताना पाणी मारून ओली करा आणि सुकताना पाहत राहा; दगड सुकतो, पण केसाएवढ्या चिरेत पाणी राहिल्यामुळे तिथे काळी रेघ काही वेळ टिकते. नाण्याने टकटक करत गेल्यास जिथे आवाज बद्द येतो तिथे शंका घ्यावी. पाठीमागे जाळी चिकटवलेली असेल तर का, ते विचारा. पसंत पडलेल्या लादीवर तुमची सही करा आणि तिचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ठेवा.

माणूस पारखायचा असेल तर त्याने गेल्या महिन्यात केलेला ओटा पाहू नका. दोन-तीन वर्षांपूर्वी केलेला दाखवायला सांगा, तिथल्या सांध्यावरून नख फिरवा, सिंकखाली वाकून पाहा, आणि त्या घरातल्या बाईंना शांतपणे विचारा की तक्रार केली तेव्हा हा माणूस किती दिवसांनी आला. माझ्या अनुभवात या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बाकी सगळ्या चौकशीपेक्षा अधिक सांगून जाते.

तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर असे की जबाबदारी एकाच्या नावावर आणा. ठेकेदार मालासकट काम घेत असेल तर दगडही त्याचा आणि चीरही त्याची, हे शब्द कागदावर हवेत. माल तुम्ही आणणार असाल तर बसवणाऱ्याने कापण्यापूर्वी लादी तपासून 'दोष नाही' असे लिहून सही करावी; त्यानंतर तिला जे होईल ते त्याचे. व्यापाऱ्याच्या 'आमचा माणूस पाठवू' या शब्दांना किंमत नाही, कारण पैसे तुम्ही त्या माणसाला परस्पर देणार आहात आणि उद्या तो व्यापाऱ्याचा कोणीच नसेल. कागदावर दगडाचे नाव, जाडी (आपल्याकडे साधारण १६ ते १८ मिलिमीटर मिळते, १८ सांगून १५ येते), मोल्डिंगचा प्रकार, सांध्याची जागा, जुना ओटा फोडून राडारोडा नेण्याचा खर्च आणि कामाचे दिवस एवढे असू द्या. पैसे विसार, माल आल्यावर, बसवून झाल्यावर आणि पंधरा दिवस वापरून झाल्यावर, अशा टप्प्यांत द्या. शेवटचा टप्पा निदान एक-पंचमांश असावा. त्यावरून कुरकुर होतेच, होऊ द्यावी.

गारगोटी

ओळंबा यांनी माणसांची बाजू मांडली आहे. मी महाविद्यालयात भूशास्त्र शिकवत असे, तेव्हा दगडाची बाजू सांगते.

आपण पुणेकर बेसॉल्टवर राहतो, पण ओट्याचा दगड बाहेरूनच येतो. कडप्पा म्हणजे आंध्र प्रदेशातील कडपा-कर्नूल पट्ट्यातला थरांचा चुनखडक. शहाबादी फरशी आणि राजस्थानातला कोटा हेही चुनखडकच. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो भूशास्त्राच्या दृष्टीने बहुधा ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो या गडद अग्निजन्य खडकांपैकी असतो. आंध्रातील प्रकाशम जिल्ह्यात चीमकुर्ती येथे निघणारा सोनेरी ठिपक्यांचा 'ब्लॅक गॅलेक्सी' त्यातलाच. नावांवर जाऊ नये हे सांगायला आणखी एक उदाहरण पुरे आहे: 'काश्मीर व्हाइट' तमिळनाडूत मदुराईच्या परिसरात निघतो.

घरात उपयोगाचा फरक असा की चुनखडक आणि संगमरवर हे दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचे असल्यामुळे लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, व्हिनेगर, अगदी ताकसुद्धा त्यांचा पृष्ठभाग खाते. त्यांच्यातील कॅल्साइट या खनिजाचा कठीणपणा मोह्सच्या १ ते १० या मापावर ३ आहे, तर ग्रॅनाइटमधील फेल्डस्पार ६ आणि क्वार्ट्झ ७ वर आहेत. तुमच्या सिंकभोवतीचा पांढुरकेपणा काही अंशी जड पाण्याचा क्षार असेल, पण काही अंशी झिजलेला दगडच असणार. क्षार काढण्यासाठी कोणी अ‍ॅसिड सुचवले तर त्याला दारातूनच परत पाठवा. टाइल्सचे काम संपल्यावर सफाईवाला बाटली घेऊन येतो आणि शिंतोडे नेमके कडप्प्यावर उडतात, तेव्हा त्या दिवशी घरात थांबा.

काळा ग्रॅनाइट घेताना दोन चाचण्या गोदामातच करता येतात. नखांचे पॉलिश काढायचे अ‍ॅसिटोन पांढऱ्या फडक्यावर घेऊन लादी पुसा. फडके काळे झाले तर करड्या दगडाला रंग दिलेला आहे, आणि तो वर्ष-दोन वर्षांत सिंकपाशी उतरेल. कोपऱ्यावर लिंबाचा थेंब टाकून पाच-दहा मिनिटांनी पुसा. डाग उमटला तर चुनखडी तरी आहे किंवा वर तेल-मेण चोपडलेले आहे. सीलर, म्हणजे दगडाची छिद्रे बुजवणारे द्रव्य, सरसकट लावण्याची गरज नसते. पाण्याचा थेंब पंधरा मिनिटे ठेवून पुसल्यावर दगड गडद झालेला दिसला तरच तो पाणी पितो असे समजावे. दाट काळे दगड सहसा पीत नाहीत, फिकट दगड पितात. तरीही प्रत्येक कोटेशनमध्ये सीलरची ओळ असतेच.

तुमच्या कडप्प्याविषयी स्पष्ट सांगायचे तर पापुद्रे सुटू लागले असतील तर त्याला घासण्यात पैसे घालू नका. हा दगड थराथरांनी बनलेला आहे. वरचा सैल थर काढला की खालचा मोकळा होतो. थर घट्ट असते आणि केवळ चमक गेली असती तर पाण्यासोबत हिऱ्याच्या पॅडने घासून त्याला चांगली मंद झळाळी आणता आली असती.

देवघराचे तसे नाही. तिथे तुम्हाला तीन वेगवेगळे विकार आहेत. हळदीचा डाग दगडाच्या छिद्रांत गेलेला रंग आहे. मैदा किंवा खाण्याचा सोडा औषधाच्या दुकानातील हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये घट्ट कालवून पाव इंच जाडीचा लेप द्या, वर प्लॅस्टिक चिकटवून २४ तास ठेवा आणि मग उघडून पूर्ण सुकू द्या, कारण सुकताना लेप डाग ओढून घेतो. हळदीचा रंग उन्हानेही विटतो, पण देवघरात ऊन आणायचे कुठून! तेलाच्या डागासाठी तोच लेप मुलतानी माती आणि अ‍ॅसिटोनचा करावा; मात्र समई, उदबत्ती, निरांजन सगळे विझवून, खिडक्या उघडून, कारण अ‍ॅसिटोनची वाफ झटकन पेट घेते. जुना डाग एका लेपाने जात नाही, तीन-चार वेळा करावे लागते. पंचामृताची वर्तुळे मात्र डाग नव्हेत. दह्याच्या आंबटपणाने तिथला पॉलिशच खाल्ला गेला आहे, आणि ते काम पॉलिशवाल्याचे आहे. एवढ्याशा लादीसाठी तो एकटा यायला नाखूश असतो, म्हणून शेजारी कोणाची फरशी घासायची असेल त्या दिवसाशी जोडून घ्या. आधी लेप, मग पॉलिश, हा क्रम उलटा करू नये.

दक्षिणायन

मी मेलबर्नमध्ये राहतो आणि स्वयंपाकघरे बसवणाऱ्या एका छोट्या व्यवसायाचे हिशेब पाहतो. तुमच्या तिसऱ्या मंडळींच्या क्वार्ट्झच्या आग्रहाविषयी लिहावेसे वाटले.

कृत्रिम क्वार्ट्झच्या लादीत साधारण ९० टक्क्यांहून अधिक क्वार्ट्झची पूड असते आणि ती पॉलिएस्टर रेझिनने बांधलेली असते. ती डाग घेत नाही हे खरे आहे. पण रेझिनला उष्णता सोसत नाही. तापलेली कढई किंवा तवा थेट ठेवला तर तिथे पिवळट डाग पडतो किंवा लादी तडकते, आणि तो डाग घासून जात नाही. आपल्या स्वयंपाकात फोडणीची पळीसुद्धा घाईत ओट्यावर टेकते.

त्याहून गंभीर बाब ती कापणाऱ्याची आहे. कोरड्या कटरने ही लादी कापताना सिलिकाची (क्वार्ट्झ म्हणजे सिलिकाच) अतिसूक्ष्म धूळ उडते आणि ती फुप्फुसात साठून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. तरुण कारागिरांत हा रोग वाढल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लाद्यांची निर्मिती, विक्री, कापणे आणि बसवणे यांवर बंदी घातली, आणि आमच्या व्यवसायाला सगळा माल बदलावा लागला. आधीपासून घरात बसवलेल्या ओट्यांना हात लावलेला नाही, कारण न कापलेल्या लादीपासून धोका नसतो. नैसर्गिक ग्रॅनाइटमध्ये सिलिका कमी असली तरी असतेच. भारतात राजस्थान सरकारने सिलिकोसिसग्रस्त कामगारांसाठी २०१९ मध्ये धोरण केले ते दगडाच्या कामगारांची स्थिती पाहूनच, आणि आपल्याकडचे कितीतरी कुशल कारागीर त्याच राज्यातून येतात.

म्हणून करारात एक ओळ वाढवा, की मोठे काप गोदामात पाण्याखाली होतील आणि घरात जे काही कापावे लागेल ते पाण्याची धार सोडून. बाल्कनीत तोंडाला रुमाल बांधून कोरडे कापणारा माणूस स्वस्त पडतो, पण त्या स्वस्ताईचे बिल तो स्वतःच्या छातीवर भरत असतो.

चूलवैल

ओट्याची रोजची निगा हा विषय राहिला, म्हणून थोडक्यात लिहिते. ग्रॅनाइटला भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, ओले फडके आणि मग कोरडे फडके एवढे पुरते. जड पाण्याचे डाग पडतात ते कोरडे न पुसल्यामुळे. लिंबू-सोड्याचे फसफसणारे नुस्खे कडप्पा आणि संगमरवरावर अजिबात नकोत. कडप्प्याला खोबरेल तेल चोळून काळा करण्याची जुनी सवय आमच्याही घरी होती. तो दोन दिवस सुरेख दिसतो आणि तिसऱ्या दिवशी पीठ आणि धूळ धरून चिकट होतो. खलबत्त्यात काही कुटायचे असेल तर तो खाली जमिनीवर घ्या, आणि ओट्याच्या कडेवर नारळ फोडू नका. आमच्या मोल्डिंगचा टवका कोणा कारागिराने नव्हे, सासूबाईंनी चतुर्थीच्या नारळाने उडवला आहे.

मृद्गंध

सर्वांचे मनापासून आभार. आज टेप घेऊन मोजले. पहिल्या ठेकेदाराने मोल्डिंग खरोखरच १७ फुटांचे धरले होते. त्याला विचारल्यावर त्याने वाद न घालता १३ केले, आणि सिंकच्या कोपऱ्याचा प्रश्न विचारताच त्याच्या कारागिराने खिशातून पेन्सिल काढून छिद्रे कुठे पाडतो ते भिंतीवरच काढून दाखवले. त्याने तीन वर्षांपूर्वी केलेला ओटा उद्या पाहायला जाणार आहे. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. भावाला आता काही करता येईल का? आणि हा कारागीर म्हणतो की जुन्या ओट्याचा कडप्पा फोडून टाकण्याऐवजी तो नव्या ग्रॅनाइटखाली उभा वापरू; हे योग्य आहे, की दगड वाचवण्याची युक्ती आहे?

ओळंबा

भावाने आधी चिरेचे फोटो काढावेत. सिंकखालून कोपऱ्याचा फोटो अवश्य घ्यावा, कारण काप रेघेच्या पुढे गेला असेल तर तो खालून किंवा बाजूने दिसतो. ठेकेदाराला लेखी नोटीस पाठवावी आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेवढ्याने भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. त्यासाठी तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही. पक्के बिल किंवा पैसे दिल्याची बँकेतली नोंद हाताशी हवी. दरम्यान चीर इपॉक्सीने भरून घ्यावी आणि पट्टीखाली आधार द्यावा, नाहीतर पाणी मुरून आतले प्लाय फुगेल. भरण्यापूर्वी फोटो काढायला विसरू नये.

कडप्प्याविषयी कारागीर बरोबर सांगतो आहे. उभा ठेवलेला कडप्पा वजन उत्तम पेलतो, आणि तिथे ना आंबट लागते ना शेगडीची धग. पापुद्रे सुटलेला शेगडीकडचा भाग बाजूला काढून बाकीचाच वापरायला सांगा, तुकड्यांच्या वरच्या कडा एका पातळीत कापून घ्या, आणि लादी चढवण्याआधी स्पिरिट लेव्हल स्वतः ठेवून पाहा. नव्या कडप्प्याचे पैसे मात्र कोटेशनमधून वजा झाले पाहिजेत; ते अजून झालेले नसतील.